मार्चअखेरच्या आइसलँडला निघताना

आधी कागद. आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतं, त्यामुळे व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर अजिबात ढकलू नका. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक फेरी धरा आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा त्याआधीच काढून ठेवा.

मग कपडे. बर्फ म्हटलं की घरात जाडजूड जॅकेटची शोधाशोध सुरू होते. पण तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर या दिवसांत तापमान शून्याच्या आसपासच घुटमळतं. खरा त्रास वाऱ्याचा, आणि त्याच्याबरोबर आडव्या येणाऱ्या पावसाचा. गगनबावड्याचा जुलै आठवा आणि त्यातून वीसेक अंश वजा करा. म्हणून अंगालगत लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ उबदार जाकीट, सगळ्यात वर वारा-पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स, सुती बनियन घरीच राहू द्या. एकदा भिजले की लवकर सुकत नाहीत, उलट अंगातली ऊब खातात. छत्रीचं तर नावच काढू नका.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि कडक तळाचे हवेत. सोल्हेमायोकुल हिमनदीवर गाइडकडून क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते, मिळतात. मऊ स्पोर्ट्स शूजवर ते नीट बसत नाहीत. बूट महिनाभर आधी घ्या आणि न्यायचेच लोकरी मोजे घालून दोन-तीन रविवार पन्हाळा चढा. टाच कुठे घासते ते इथंच कळू दे. गाइडशिवाय हिमनदीवर पाऊल नको, ताज्या बर्फाखालची भेग दिसत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. बर्फावरून उलटणारं ऊन चेहरा भाजून काढतं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर ती वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार उघडताना घट्ट धरा. झोताने दार उलटं वाकलं तर तो खर्च बहुतेक विम्यात धरलेला नसतो. राजधानी रेक्याविकहून योकुल्सारलोन हे हिमनगांचं सरोवर सुमारे ३७० किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करायचा हट्ट नको, वाटेत वीक नावाच्या गावी मुक्काम टाका.

खाण्यात कांदा-लसूण चटणी, मेतकूट जरूर न्या. पेढे मात्र नकोत, बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ नेण्यावर तिथं बंदी आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं गार पाणी थेट प्या. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो. अंघोळीला काही हरकत नाही.