पश्चिमी देशांनी दुसऱ्याच्या युद्धात उतरावं का, हे ठरवायचं कसं

आमच्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा तरी हा वाद पेटतोच. कुठल्यातरी शहरावर बॉम्ब पडल्याचा व्हिडिओ येतो आणि दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते अमेरिका-युरोपनं लगेच उतरायला पाहिजे, माणसं मरतायत तिकडं, दुसरी म्हणते यांनी इराकचं काय केलं ते बघा, यांनी कुठंच हात घालू नये. मी दोन्हीकडून भांडलोय, घसा बसेपर्यंत. मग एक वही केली आणि प्रत्येक वेळी तेच चार-पाच प्रश्न त्यात लिहायला लागलो, त्यानं फरक पडला म्हणून इथं टाकतोय. उदाहरण लिबियाचं घेतो, २०११ चं, कारण चांगला हेतू आणि वाटोळं दोन्ही एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

सगळ्यात आधी कशासाठी जायचंय ते एका वाक्यात लिहा. "लोकशाहीसाठी", "शांततेसाठी" असं लिहिलं असेल तर खोडा आणि परत लिहा. कोणाला वाचवायचं, कुठं, कोणापासून, एवढं त्यात यायलाच पाहिजे. फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियाच्या पूर्वेकडच्या बेनगाझी शहरात लोक रस्त्यावर आले, बंड पसरलं, आणि मार्चच्या मध्यापर्यंत तिथला हुकूमशहा गद्दाफीचं सैन्य परत बेनगाझीच्या तोंडाशी येऊन ठेपलं. तेव्हाचं वाक्य होतं, बेनगाझीतल्या लोकांना या सैन्यापासून वाचवायचं. हे वाक्य चांगलं आहे कारण काम कधी संपलं ते त्यावरून कळतं.

मग बातमी बाजूला ठेवा आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव काढून वाचा. फुकट मिळतो, थोडीच पानं असतात, भाषा किचकट आहे पण दोनदा वाचली की कळते. लिबियाचा ठराव १९७३ क्रमांकाचा, १७ मार्च २०११ चा. त्यातला चौथा परिच्छेद बोट ठेवून वाचा. सामान्य नागरिकांना आणि त्यांच्या वस्त्यांना वाचवायला "सर्व आवश्यक उपाय" करायची परवानगी त्यात आहे, बेनगाझीचं नाव घेऊन, आणि लगेच पुढं म्हटलंय की परकीय सैन्यानं कुठलाही भाग ताब्यात ठेवायचा नाही. गद्दाफीला खाली खेचा असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. हे माहीत नसेल तर पुढचा सगळा वाद हवेत जातो.

त्याच कागदाबरोबर वोटिंग बघा. १० बाजूनं, विरोधात कोणी नाही, आणि ५ तटस्थ: भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी. जर्मनीवर जरा थांबा, नाटोतलाच, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीतलाच देश आहे तो. भारताचं म्हणणं होतं की तिथं जमिनीवर काय चाललंय याची खात्रीची माहितीच फार थोडी आहे आणि आपण एवढं मोठं पाऊल उचलतोय. आपली हजारो माणसं तेव्हा लिबियात कामाला होती, त्यांना विमानानं आणि बोटीनं परत आणायचं काम नुकतंच झालेलं, म्हणजे लांबचा विषय म्हणून कोणी हात झटकले असं नव्हतं. आणि तीनच आठवडे आधी, २६ फेब्रुवारीला, शस्त्रबंदीचा आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडं पाठवायचा ठराव एकमतानं झाला होता, भारताचं मत त्यात धरून. तेव्हा वहीत हेही लिहा, की बॉम्बच्या आधीचे उपाय कोणते होते आणि त्यांना किती दिवस दिले.

आता परवानगी एका बाजूला आणि प्रत्यक्षात केलं काय ते दुसऱ्या बाजूला लिहा. १९ मार्चला अमेरिका, फ्रान्स, ब्रिटनचे हवाई हल्ले सुरू झाले आणि बेनगाझीच्या वाटेवरचे रणगाडे जळाले, शहर वाचलं. इथं ते पहिलं वाक्य पूर्ण झालं होतं. पण हल्ले चालूच राहिले, सात महिने, २० ऑक्टोबरला सिर्तमध्ये गद्दाफी मारला गेला आणि ३१ ऑक्टोबरला नाटोनं मोहीम बंद केली. वाचवायला गेले आणि सत्ता बदलून आले. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र समितीनं २०१६ मध्ये स्वतःच्याच सरकारला हे सुनावलंय, आणि लोकांना असलेला धोका नीट तपासला नव्हता हेही. याची किंमत सीरियानं मोजली. ऑक्टोबर २०११ मध्ये सीरियातल्या सरकारी दडपशाहीवर ठराव आला तेव्हा रशिया आणि चीननं व्हेटो टाकला, म्हणजे नकाराधिकार वापरून तो पाडला, आणि रशियानं कारण देताना लिबियाकडंच बोट दाखवलं.

पुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय? पोलिसांचा पगार कोण देणार, पोरांच्या हातातल्या बंदुका कोण गोळा करणार, पाणी-वीज कोण बघणार? उत्तर "तिथले लोक बघतील" असं असेल तर माझ्या वहीत तिथं नकार पडतो. लिबियात हेच झालं, बंदुका मालीपर्यंत गेल्या आणि २०१४ ला परत यादवी पेटली. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष ओबामांनीच २०१६ मध्ये कबूल केलं की नंतरच्या दिवसाचं नियोजन न करणं ही बहुतेक त्यांची सगळ्यात मोठी चूक होती. उलट पश्चिम आफ्रिकेतला यादवीत अडकलेला सिएरा लिओन बघा. २००० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं, राजधानी सावरली, पण नंतर तिथल्या सैन्याला ट्रेनिंग द्यायला माणसं थांबली, जोडीला संयुक्त राष्ट्रांची मोठी फौज होती ज्यात आपले जवानही होते, कैलाहूनला वेढ्यात अडकलेल्या आपल्या जवानांना ऑपरेशन खुकरीनं सोडवलं ते त्याच वर्षी. जानेवारी २००२ ला युद्ध संपलं.

आता दुसरी बाजू, आणि ही लिहिताना घाई करू नका. न जाण्याचाही हिशोब मांडावा लागतो. रवांडाची राजधानी किगालीत एक टेक्निकल शाळा होती, एप्रिल १९९४ मध्ये तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाल्यावर तिथं साधारण २००० माणसं जीव वाचवायला येऊन बसली होती, कारण संयुक्त राष्ट्रांकडून आलेले बेल्जियन सैनिक तिथं होते. ११ एप्रिलला ते सैनिक निघून गेले. मारेकरी बाहेरच थांबलेले होते, त्यातली बहुतेक माणसं त्याच दिवशी मारली गेली. दहा दिवसांनी सुरक्षा परिषदेनं रवांडातली फौज २७० वर आणायचा ठराव केला आणि शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं गेली. "यांनी कुठंच हात घालू नये" म्हणणाऱ्यानं हे पान वाचूनच बोलावं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक करा, पश्चिमेच्या जागी भारत घालून तेच प्रश्न विचारा. १९७१ ला आपण उतरलो, एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडं आले होते, १६ डिसेंबरला ढाका पडलं आणि मार्च १९७२ पर्यंत सैन्य परत आलं. १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेना गेली, शांतता राखायला गेलेलं सैन्य लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढत बसलं आणि जवळपास १२०० जवान गमावून १९९० ला परतलं. देश तोच, पण एका ठिकाणी काम कुठं संपतं ते माहीत होतं.

लिबियाबद्दल माझं मत विचाराल तर बेनगाझीच्या वेशीवर सैन्य अडवणं बरोबर होतं, त्यापुढचे सात महिने चूक. तुमचं वेगळं असेल, असू दे, पण पानावर तारीख टाका आणि दोन वर्षांनी, दहा वर्षांनी परत उघडा, कारण कॅमेरे निघून गेल्यावरच खरं काय ते दिसायला लागतं. माझ्या लिबियाच्या पानावर शेवटची नोंद सप्टेंबर २०२३ ची आहे. वादळी पाऊस झाला, डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं रात्रीत फुटली आणि हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. देशात दोन सरकारं होती आणि त्या धरणांची डागडुजी कित्येक वर्षं झालेली नव्हती.