अक्षराआधी आवाज: तीन वस्तूंचा खेळ

चार-पाच वर्षांच्या मुलाला पाटीवर ‘क’ गिरवायला देण्याआधी त्याला शब्दाचा पहिला आवाज वेगळा ऐकू येतो का, ते बघा. समोर कागद, कापूस आणि बाटली ठेवा. नावं सावकाश, मोठ्याने म्हणा, मुलालाही म्हणू द्या आणि विचारा, “सुरुवातीला कोणाचा आवाज वेगळा?”

मूल बहुतेकदा इथे आवाजाऐवजी वस्तूचा विचार करतं. काकडी, कागद, टोमॅटो ठेवलंत तर ते कागद बाजूला काढेल, कारण तो खात नाहीत! म्हणून एकाच जातीच्या दोन वस्तू एकत्र ठेवू नका. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका. पहिला आवाज लांबवून नावं परत म्हणा: काऽगद, काऽपूस, बाऽटली.

‘का’ जमलं की स्वर बदला: कागद, कुलूप, मोजा. हे खरंच अवघड असतं, घाई नको. च, ज, झ मागे ठेवा. चाक आणि चिमटा यांतले ‘च’ वेगळे ऐकू येतात, मूल गोंधळतं.

रोज पाच मिनिटं पुरे. कागद आणि कुलूप यांची सुरुवात एकाच आवाजाने होते हे मूल ओळखू लागलं की त्या दोन वस्तूंपुढे ‘क’ लिहिलेलं कार्ड ठेवा.