पोर्ट करण्याआधी काड्या नको, आकडा बघा
नंबर पोर्ट करायचाय, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलायचीय? मग रेंजच्या काड्यांवर जाऊ नका. प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिमची माहिती उघडा, तिथे सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात दिसतो. उणे ९० चांगला; उणे ११५ म्हणजे बोलता बोलता फोन कटणार. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन मोजा, पण गॅलरीत नव्हे, आत ओट्यापाशी. आमचं गॅलरीत झकास चालणारं सिम कुकरजवळ गेलं की मुकं व्हायचं! आकडा बरा असला तरी रात्री नऊच्या गर्दीत एक कॉल लावून बघाच. शक्यतो नवं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर वापरा. जमलं, तरच जुन्या नंबरवरून १९०० ला पोर्टचा एसएमएस. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले लागतात, आणि बिल थकलेलं चालत नाही.