भिंतीला टेकवायचं छोटं लाकडी ग्रीनहाऊस घेताय? या चुका टाळा

छोटं लाकडी ग्रीनहाऊस घ्यायचं ठरलं की सगळे आधी लाकूड बघतात, काच बघतात, फोटोत किती छान दिसतंय ते बघतात आणि भिंतीचा विचार अगदी शेवटी, म्हणजे सामान दारात येऊन पडल्यावर. बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. हे एकपाखी ग्रीनहाऊस, म्हणजे एकाच बाजूला उतरतं छप्पर असलेलं, त्याच्या तीन बाजू तुम्ही विकत आणता आणि चौथी बाजू तुमच्या घराची भिंत असते, आणि ऊन किती मिळणार, रात्री ऊब राहणार का, ओल चढणार का, पाणी कुठून घुसणार हे सगळं ती चौथी बाजूच ठरवते. मी आत्तापर्यंत दोन बसवलीत, पहिलं तीन वर्षांत खालून कुजलं, दुसरं अजून ठणठणीत आहे, आणि दोन्हींच्या लाकडात फारसा फरक नव्हता.

भिंत न बघता ऑर्डर टाकणं

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला सगळ्यात जास्त ऊन मिळतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण "जास्त ऊन" म्हणजेच "चांगलं" असं धरून चालू नका. थंडी कडक असते तिथे ती भिंत सोन्यासारखी, पण उन्हाळा तापतो अशा ठिकाणी मी डोळे झाकून पूर्वेची भिंत घेईन, सकाळचं ऊन भरपूर मिळतं आणि दुपारी भट्टी होत नाही. पश्चिमेची भिंत दुपारभर तापत राहते आणि नेमकी हवा सर्वात गरम असते तेव्हाच ऊन आत येतं, तिथे शेडनेटशिवाय निभाव लागत नाही. सावलीकडची भिंत फर्नसाठी, कटिंग रुजवायला ठीक आहे, टोमॅटो-मिरचीची आशा तिथे ठेवू नका.

एक साधी गोष्ट करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता त्या भिंतीचा फोटो काढा. शेजारचं झाड, कंपाउंड, वरचं छज्जं यांची सावली कुठे कुठे फिरते ते चार फोटोंत कळतं. आणि हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, त्यामुळे उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारी जागा हिवाळ्यात अर्धा दिवस अंधारात असू शकते हे लक्षात ठेवा.

भिंत विटांची किंवा दगडाची असेल तर दिवसभर ऊब पिते आणि रात्री हळूहळू सोडते, या प्रकाराचा खरा फायदा तोच. लाकडी कुंपणाला टेकवलंत तर हा फायदा शून्य, वर कुंपण वाऱ्याने हलतं आणि काच तडकते.

आता भिंतीवर काय काय आहे ते बघा. गॅस गिझर किंवा बॉयलरचा धूर बाहेर सोडणारा पाइप त्या जागेत येत असेल तर तिथे ग्रीनहाऊस नाही म्हणजे नाही. तो वायू बंद जागेत साठतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि तुम्ही आत रोपांना पाणी घालत उभे असता. "पाइप जरा वर आहे, चालेल" असं म्हणू नका. घरातली हवा खेळायची जाळी, ड्रेनेजचं झाकण, खिडकी, हे पण झाकलं जाता कामा नये.

आणि ओळंबा लावून बघा. जुनी भिंत डोळ्यांना सरळ दिसते पण दोन मीटर उंचीत दोन-तीन सेंटिमीटर झुकलेली निघते, त्यात गिलावा फुगलेला. मग तयार चौकट वर टेकते आणि खाली फट राहते, किंवा उलट. फट आधी माहीत असली तर सुताराकडून तेवढी निमुळती पट्टी तासून घेता येते, नंतर कळली तर लोक त्यात फोम भरतात आणि पुढच्या पावसात तो स्पंजासारखा ओला होतो.

लाकूड चांगलं आहे ना, मग झालं

नाही झालं. सागवान, सीडर ही लाकडं मुळातच कुजायला दाद देत नाहीत, पाइन स्वस्त पडतं पण त्याला प्रेशर ट्रीटमेंट केलेली हवी, म्हणजे औषध दाबाने आतपर्यंत घुसवलेलं. नुसतं बुचकळून काढलेलं किंवा वरून ब्रश मारलेलं लाकूड पण "ट्रीटेड" म्हणूनच विकलं जातं, तेव्हा विचारताना नीट विचारा, कोणत्या पद्धतीने ट्रीट केलंय. आणि ट्रीट केलेली पट्टी तुम्ही कापलीत की कापलेल्या तोंडाशी कच्चं लाकूड उघडं पडतं, तिथे परत औषध लावायलाच लागतं. पण क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायला लावतात ते डांबरी तेल, लावू नका, त्याच्या वाफेने रोपं करपतात.

माझं पहिलं ग्रीनहाऊस कुजलं ते असं. खालची आडवी पट्टी मी सरळ मातीवर ठेवली होती, वरून सगळं नवंकोरं दिसायचं, रंग पण टिकून होता. तिसऱ्या वर्षी दार खालून घासायला लागलं म्हणून वाकून बघितलं आणि सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला, बाहेर काढला तर टोकाला ओला काळा भुसा. उभ्या खांबांची खालची टोकं पण तशीच झाली होती. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकाकडून, सगळ्यात जास्त पाणी ओढतं, त्यामुळे खांबाचा तळ जमिनीला लागला की तो दिव्याच्या वातीसारखं पाणी वर खेचत राहतो. दुसऱ्या वेळी विटांचा एक थर दिला, त्यावर ओल अडवणारी प्लास्टिकची जाड पट्टी आणि मग लाकूड. वाळवीचा त्रास असेल तर जमिनीपासून उचलणं अजूनच गरजेचं, निदान तिची मातीची नळी चढताना दिसते तरी.

जाडी पण बघा. हलक्या किटमध्ये पट्ट्या इतक्या बारीक असतात की काच बसवल्यावर वरची आडवी पट्टी मधे झोळ खाते आणि वरची खिडकी लागत नाही. दुकानात उभं केलेलं मॉडेल असेल तर कोपरा धरून हलवून बघा, डुगडुगलं तर वाऱ्यात काय होईल ते कळलंच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, सीडर आणि सागवानातल्या टॅनिनमुळे, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे, साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे ओघळ येतात आणि स्क्रू पण खाल्ला जातो.

भिंत आणि छप्पर यांच्यामधला सांधा सिलिकॉनवर सोडणं

हे सगळेच करतात. लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आक्रसतं, भिंत मात्र जागची हलत नाही, त्यामुळे मधली सिलिकॉनची रेघ वर्ष-दोन वर्षांत एका बाजूने सुटते आणि पाणी भिंतीवरून उतरून बरोबर आतल्या पट्टीच्या मागे जाऊन बसतं, जिथे ते कधीच सुकत नाही. तिथे पत्र्याची फ्लॅशिंगच पाहिजे: भिंतीत आडवी खाच पाडायची, पत्र्याची वरची कड दुमडून खाचेत घालायची, खाच भरून टाकायची आणि पत्रा छपरावर उतरता सोडायचा. मग लाकूड खाली हललं तरी पाणी पत्र्यावरूनच जातं.

वर घराचं छप्पर कुठे संपतं ते पण बघा. वळचणीखाली ग्रीनहाऊस आलं तर पागोळ्या थेट त्याच्यावर पडतात, बर्फ पडतो तिथे तर बर्फाचा अख्खा थर घसरून येतो. घराला पन्हळ नसेल तर आधी पन्हळ, मग ग्रीनहाऊस. उतार जवळजवळ सपाट असेल तर ते मॉडेल सोडून द्या, पावसाचं पाणी साचतंच पण आतून धरलेलं दव पण काचेवरून ओघळून न जाता थेंब थेंब रोपांवर टपकतं. मी १५ अंशांच्या खाली जाणार नाही, म्हणजे भिंतीपासून पुढे दर एक मीटरला साधारण २७ सेंटिमीटर उतार.

भिंतीला लागून आतमध्ये मातीचा वाफा करायचा मोह होतो, तो आवरा. जोत्याच्या आसपास भिंतीत ओल अडवणारा थर असतो, माती त्याच्या वर चढली की ओल त्याला वळसा घालून घरात येते. कुंड्या ठेवा, नाहीतर वाफा भिंतीपासून हातभर सोडून करा.

लहान आहे म्हणजे सांभाळायला सोपं

उलट आहे. १.२ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल आणि दीड मीटर उंच अशा कपाटासारख्या ग्रीनहाऊसमध्ये जेमतेम एक घनमीटर हवा मावते, म्हणजे वजनाने सव्वा किलो. एवढी हवा तापायला आणि थंड व्हायला वेळच लागत नाही. माझ्याकडे एका सकाळी वारा होता म्हणून दार लावून घेतलं, ट्रेमध्ये टोमॅटोची दोन-दोन पानांवरची रोपं होती, दुपारी एकला आलो तर काच हाताला चटका देत होती, थर्मामीटर ४७ वर आणि रोपं ट्रेच्या कडेवर माना टाकून पडलेली, देठ उकडलेल्या भाजीसारखे पारदर्शक झालेले. बाहेर त्या दिवशी फार गरम पण नव्हतं, नुसतं ऊन लख्ख होतं. ती सगळी परत पेरली.

म्हणून जेवढं मोठं बसेल तेवढं घ्या, आणि भिंतीपासून पुढे निदान एवढं खोल की तुम्ही आत उभे राहून दार लावू शकाल. नाहीच जमलं तर वरच्या खिडकीचं माप आधी विचारा. उघडणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ जमिनीच्या १५ ते २० टक्के असावं असं धरतात, वरच्या मापाच्या ग्रीनहाऊसला हिशोब केला तर साधारण ४० बाय ३५ सेंटिमीटरची खिडकी होते. नुसतं पुढचं दार आहे, वर काहीच उघडत नाही, असलं मॉडेल घेऊ नका, गरम हवा वर जाते आणि वरच अडकते. खाली पण एक झडप असली तर उत्तम, खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर.

घरी कोणी दिवसभर नसेल तर ऑटोमॅटिक ओपनर बसवाच. त्याला वीज लागत नाही, नळीत मेण असतं, ते तापलं की पसरतं आणि दांडा ढकलून खिडकी उघडतं, गार झालं की खिडकी आपोआप मिटते. फक्त तो किती वजन उचलतो ते बघून घ्या, जाड लाकडी चौकटीची काचेची खिडकी बऱ्याच ओपनरना झेपत नाही.

आणि आत पाण्याचा एक काळा कॅन ठेवा, भिंतीच्या पायाशी. २० लिटर पाणी एक अंशाने तापवायला त्या सव्वा किलो हवेच्या साठपट उष्णता लागते, त्यामुळे दुपारचा ताप आणि रात्रीचा गारठा दोन्ही जरा सावकाश येतात.

काच की पॉलिकार्बोनेट

मुलं-बाळं किंवा कुत्रा बागेत असेल तर साधी काच नको, टफन केलेली घ्या, फुटली तरी बोथट बारीक तुकडे होतात. पण ती नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं की नवीनच आणावी लागते. दुहेरी थराचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेला कडक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, ऊब जास्त धरतं, हलकं असतं, बसवताना चुका मात्र भरपूर होतात. युव्ही कोटिंगची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा लेप असलेली बाजू बाहेर हवी, नाहीतर पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. आतल्या नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, आडव्या लावल्या तर पाणी साठून शेवाळ धरतं. आणि ते उन्हात वाढतं, दोन मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने पाच मिलिमीटर लांब होतो, तेव्हा भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा आणि स्क्रू करकचून आवळू नका.

आधीच बसवलंय आणि त्रास होतोय?

रोपं सगळी एकाच बाजूला वाकतात, कारण उजेड फक्त समोरून येतो. आतून भिंतीला पांढरा रंग मारा, फरक आठवड्यात दिसतो, आणि ट्रे दर दोन दिवसांनी फिरवत जा.

सकाळी काच आतून पूर्ण ओली आणि पानांवर राखाडी बुरशी असेल तर संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी घाला, आणि थंडीतही दुपारी तासभर वरची खिडकी उघडा. ऊब जाईल म्हणून लोक बंद ठेवतात, पण बुरशीने जास्त रोपं जातात.

वाऱ्यात खडखडतंय तर अँकर फास्टनर, म्हणजे चौकट भिंतीला पकडून ठेवणारे बोल्ट, कुठे बसलेत ते तपासा, बहुतेक वेळा ते विटांमधल्या भुसभुशीत सांध्यात किंवा नुसत्या गिलाव्यात गेलेले असतात. विटेच्या मध्यावर नवीन भोक पाडून परत बसवा.

दार पावसाळ्यात अडकायला लागलं तर लगेच रंधा हातात घेऊ नका. फुगलेलं लाकूड तासलं की कोरड्या दिवसांत बोटभर फट पडते. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा, दार स्वतःच्या वजनाने खाली उतरलेलं असतं बऱ्याचदा. तरीही अडकत असेल तर कुठे घासतंय तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, लाकूड नीट सुकेपर्यंत थांबा, मग खुणेपुरतंच तासा आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी तेल किंवा रंग लावा.