आजींना पुस्तक आधीच पाठ असतं

वसईत कॅथलिक प्रार्थनापुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात मी सात वर्षं काम केलं. छोटं म्हणजे दोन टेबलं, एक संगणक आणि जिन्याखाली गठ्ठे. मराठी घेऊन एम.ए. झालो होतो, त्यामुळे भाषा सुधारायची खुमखुमी दांडगी. पहिल्याच आठवड्यात एका नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवस म्हणायच्या प्रार्थनेची, जुनाट वाक्यं मोडून मी ती झकास प्रमाण मराठीत आणली. मालकांनी प्रूफ चाळलं आणि एवढंच विचारलं, "हे म्हणणार कोण?"

या धंद्यातली गोम तीच. आपल्या वाचकाला मजकूर आधीच पाठ असतो. पुस्तक हातात असतं ते आधाराला. देऊळभर माणसं एका सुरात म्हणत असताना बदललेल्या एका शब्दाशी सगळी एकदम अडखळतात. जुनी वाक्यं मी मुकाट्याने परत घातली.

नव्याने येणाऱ्याने आधी परवानगीचं शिकून घ्यावं. १९८३च्या चर्च-कायद्याच्या ८२६व्या कलमाप्रमाणे प्रार्थनापुस्तक, घरात म्हणायचं असलं तरी, स्थानिक बिशपांच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. परीक्षक 'निहिल ऑब्स्टॅट' देतो, म्हणजे हरकत नाही. मग 'इम्प्रिमातुर', म्हणजे छापावे. तपासणाऱ्या फादरांना पॅरिशची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रामाचीही कामं असतात, घाई करून उपयोग नसतो. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनावरच्या प्रार्थनांची पुस्तिका राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ लागला की खपते आणि ईस्टर झाला की तिला कोणी विचारत नाही. तिची संहिता आम्ही गणपतीतच पाठवून द्यायचो.

जुनं पुस्तक म्हणजे हक्क संपलेलं, असंही धरून चालू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि अनुवादकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पानं १६च्या फर्म्यात (एका कागदावर एकदम छापून दुमडायच्या पानांच्या गठ्ठ्यात) बसवा, टाइप मोठा घ्या आणि बांधणी शिलाईचीच करा. नुसतं गोंद लावलेलं पुस्तक रोज पिशवीतून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेलं की लवकरच पानं सुटतात. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी काव्य ख्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यात राशोलला रोमन लिपीत छापलं, पुढे १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. मालक हे बाइंडरला दर खेपेला ऐकवायचे, जणू त्याचाच दोष!

लाल-काळ्या छपाईवर डोळा ठेवा. सूचना लाल, प्रार्थना काळी. लाल प्लेट केसभर सरकली की 'येथे गुडघे टेकावेत' थेट प्रार्थनेवर चढतं.

माझी मोठी चूक मात्र फाँटची. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना रफार उडी मारतो, 'प्रार्थना'चं 'प्राथर्ना' होतं. आतला मजकूर मी डोळ्यांत तेल घालून तपासला, पण पानांच्या माथ्यावरची ओळ राहिली. ६४ पानांची पुस्तिका, जवळजवळ प्रत्येक पानावर 'प्राथर्ना'. रविवारी मिस्सानंतर देवळाच्या दारातल्या टेबलावर एका आजींनी प्रत उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बाबा, ही कुठली नवीन?"

तेव्हापासून शेवटचं प्रूफ घेऊन मी त्यांच्या ओटीवर जायचो. त्या कागदाकडे बघायच्या नाहीत. डोळे मिटून म्हणत राहायच्या, आणि मी ओळींवरून बोट फिरवत मागून जायचो.