झाडाला पांघरूण घाला, पण बुंधा उघडा ठेवा

हवा कोरडी होऊ लागली आहे, दुपारचं ऊन टोचतंय, पण वीतभर उकरलं तर जमिनीत अजून ओल हाताला लागते. झाडांच्या बुडाशी आच्छादन करायची, म्हणजे पाला, लाकडाचे तुकडे यांचा थर मातीवर पसरायची वेळ हीच. ओल उडून गेल्यावर कोरड्या मातीवर आच्छादन टाकलं तर वरून दिलेलं थोडंथोडं पाणी त्या थरातच जिरतं, मुळांपर्यंत पोचत नाही. उशीर झालाच असेल तर आधी खोलवर मुरेल असं पाणी द्या, माती वाफशावर, म्हणजे चिखल नाही आणि कोरडीही नाही अशा ओलीवर येऊ द्या आणि मग आच्छादन पसरा.

हा सल्ला सावलीच्या आणि शोभेच्या झाडांसाठी आहे. आवारातली, बागेतली, रस्त्याकडेची झाडं. पिकाला नेमाने आच्छादन करणारा माणूसही या झाडांना विसरतो. इतकंच नाही, त्यांचा गळलेला पाला झाडून गोळा करतो आणि पेटवून देतो. जंगलात असा पाला कुणी उचलत नाही. तो जागच्या जागी कुजतो, म्हणून तिथल्या जमिनीवर पाय ठेवला की ती किंचित दबते. आवारातल्या झाडाच्या वाट्याला मात्र पायांनी आणि गाड्यांनी घट्ट झालेली माती येते, नाहीतर हिरवळ.

हिरवळीचा त्रास पटकन लक्षात येत नाही. पाणी आणि अन्नद्रव्यं शोषणारी झाडाची तंतुमुळं बहुतांशी वरच्या ३० ते ४५ सेंटीमीटर मातीतच असतात. फांद्यांच्या घेराबाहेरही ती लांबवर पसरलेली असतात. गवताची मुळंही याच थरात असल्यामुळे वरून दिलेल्या पाण्यावर पहिला हात गवताचा पडतो. मोठं झाड हे निभावून नेतं, नुकतं लावलेलं रोप खुरटतं. त्यात गवत कापायचं यंत्र खोडाला घासतं. एकदा लागलं तर झाड जखम भरून काढतं, पण दर आठवड्याला त्याच जागी साल सोलली गेली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जायची वाटच तुटते. बुंध्याभोवती गवत नसेल तर यंत्र तिथे न्यायचं कारणच उरत नाही. माझ्या मते कोवळ्या झाडांसाठी आच्छादनाचा सर्वांत मोठा फायदा हाच.

बाकीचे फायदे बहुतेकांना ठाऊक आहेत. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, पावसाच्या थेंबांनी जमिनीवर पापुद्रा धरत नाही, तण कमी उगवतं आणि खालचा थर कुजत गेला की गांडुळं माती भुसभुशीत करतात.

चूक होते ती रचण्यात. खोडाला टेकवून मातीचा किंवा भुश्श्याचा ढीग घालायचा, वारुळासारखा, वर निमुळता. दिसायला नीटनेटका, म्हणून एकाचं बघून दुसरा करतो. दर वर्षी त्यावर नवा थर चढतो आणि पाच-सहा वर्षांत बुंधा हातभर गाडला जातो. खोडाची साल ही मुळाची साल नव्हे. ती हवेत राहण्यासाठी बनलेली असते आणि तिच्यावरच्या बारीक छिद्रांतून तिचा श्वास चालतो. ती कायम ओलसर राहिली की मऊ पडते, बुरशी आणि किडीला आत शिरायला वाट मिळते. उंदरांना तर अंधारं, उबदार घर आणि कुरतडायला साल एकाच ठिकाणी मिळते. आणखी एक नुकसान सावकाश होतं. गाडलेल्या खोडाला ढिगातच नवी मुळं फुटतात, ती बाहेर न जाता खोडाभोवती फिरतात आणि पुढे खोड जाड होत गेलं की दोरीसारखी आवळतात. अशा झाडाचा शेंडा वाळायला लागतो तेव्हा ढीग घालून बरीच वर्षं लोटलेली असतात. त्यामुळे दोष पाण्याला दिला जातो, खताला दिला जातो, ढिगाकडे कुणी बघत नाही.

म्हणून रुंद पसरा, उंच रचू नका. जाडसर तुकडे असतील तर थर ७ ते १० सेंटीमीटर आणि बारीक भुसा किंवा कुजलेला पाला असेल तर ५ सेंटीमीटर पुरे. बारीक माल दाबून बसतो, त्याचा जाड थर हवा आणि पाणी दोन्ही अडवतो. खोडाभोवती १० ते १५ सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. वरून पाहिलं तर मधे खळगा असलेली कडी दिसली पाहिजे. खोड जिथे पसरट होऊन मुळांत उतरतं, तो भाग डोळ्यांना दिसायला हवा. खोड खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसत असेल, तर बुंधा आधीच गाडला गेलाय असं समजा.

कडी किती रुंद? जितकी जमेल तितकी. फांद्यांच्या घेरापर्यंत नेता आली तर फारच उत्तम, पण नव्या रोपाला निदान एक-सव्वा मीटर व्यासाची कडी तरी हवीच. माल किती लागेल याचा अंदाज आधी घ्या. ३ मीटर व्यासाच्या कडीत साडेसात सेंटीमीटर थर द्यायचा तर साधारण अर्धा घनमीटर माल लागतो. माल कमी पडला तर थर थोडा पातळ ठेवा, पण कडी आखडू नका. पसरण्याआधी तण उपटून घ्या, मात्र कुदळीने खोल खणू नका, तंतुमुळं तिथेच वर आहेत.

सामान म्हणून मला छाटलेल्या फांद्यांचे जाड तुकडे सर्वांत आवडतात. त्यांच्यात पोकळ्या राहतात, पाणी खाली उतरतं आणि ते सावकाश कुजतात. वाळका पाला चांगलाच, फक्त मोठी पानं एकमेकांना चिकटून थर बसतो, म्हणून ती चुरडून घ्या. पेंढा चालतो, पण तो लवकर कुजतो आणि त्यातल्या बियांपासून तण उगवतं. कापलेलं ताजं गवत एकदम जाड टाकलं तर तापतं, चिकट होतं आणि वास मारतं. ते वाळवून पातळ थरांत टाका. ज्या गवतावर किंवा पेंढ्यावर तणनाशक मारलं आहे, तो माल घेऊ नका. रुंद पानांच्या तणांवरची काही तणनाशकं वाळलेल्या काडीतही बरेच महिने टिकून राहतात आणि झाडाचीही पानं रुंदच असतात.

लाकडाचा भुसा जमिनीतला नत्र (नायट्रोजन) खातो, अशी भीती अनेकांना असते. ती अर्धीच खरी आहे. भुसा मातीत मिसळला तर तो कुजवताना जिवाणू नत्र वापरतात आणि रोप पिवळं पडतं. वरवर पसरला तर हा परिणाम मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यापुरता राहतो, झाडाच्या मुळांना तो जाणवत नाही. तेव्हा पसरा, पण खणून मिसळू नका. रोगट झाडाचे तुकडेही शक्यतो टाळा.

ढिगातला माल वापरण्याआधी त्याचा वास घ्या. चांगल्या मालाला ताज्या लाकडाचा किंवा पावसाळी मातीचा वास येतो. आंबट, व्हिनेगरसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ढीग आतून हवेविना आंबला आहे. तसाच टाकला तर कोवळी पानं एका दिवसात करपू शकतात. असा माल पातळ पसरून उघड्यावर ठेवा, वास गेला की वापरा.

पाऊस झाला की आच्छादनावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, कधी पिवळा फेसाळ लपकाही दिसतो. किळस वाटली तरी झाडाला त्याचा धोका नाही, लाकूड कुजतंय एवढाच त्याचा अर्थ. पांढऱ्या बुरशीचं जाळं होऊन थर चामड्यासारखा घट्ट झाला, तर मात्र पाणी वरूनच वाहून जातं. दाताळ्याने तो मोडून हलवा.

प्लास्टिकचा कागद झाडाखाली अंथरू नका. तण थांबतं हे खरं, पण पाणी आणि हवाही थांबते. विणलेलं कापड सुरुवातीला बरं असतं, पण वर्षा-दोन वर्षांत त्याची छिद्रं मातीने बुजतात आणि तण त्याच्यावरच रुजतं. दगड-गोटे कुजत नाहीत, म्हणून मातीला काही देत नाहीत आणि उन्हात तापतात.

आधीच बुंधा गाडलेली झाडं असतील तर या हंगामात ती मोकळी करा, पण कडक उन्हाच्या दिवसांत नको. फावडं बाजूला ठेवून हाताने किंवा छोट्या खुरप्याने माती काढत जा, पसरट भाग दिसेपर्यंत. खोडाभोवती गुंडाळलेली पेन्सिलीएवढी मुळं कापून टाकली तरी चालतात. मनगटाएवढं मूळ खोडात रुतलेलं असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नका, कारण तेवढ्या एका मुळावर झाडाची एक बाजू जगत असू शकते.

आच्छादन केल्यावर पाण्याची पाळी जुन्या सवयीने ठरवू नका. थर बाजूला सारून बोट मातीत खुपसा. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत हे जास्त सांभाळा, तिथे थरही ५ सेंटीमीटरच्या आसपासच ठेवा. पुढल्या वर्षी नवा माल टाकण्याआधी उरलेला थर मोजा आणि कमी पडलं असेल तेवढंच घाला. मोजमापासाठी वेगळी पट्टी नको, हाताची बोटं पुरतात.