कराडला पाणी उतरलंय, सांगलीत अजून चढतंय: संकटात ख्रिस्ताच्या विजयाची आशा कशी धरावी

कृष्णाकाठच्या माणसाला पूर कसा उतरतो हे शिकवावं लागत नाही. कोयनेचा विसर्ग कमी होतो, कराडला पाणी ओसरू लागतं, आणि त्याच वेळी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ते चढतच असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. कराडची बातमी खरी असते आणि उंबऱ्याला लागलेलं पाणीही खरंच असतं. ख्रिस्ती माणसाची आशा या दोन्हींच्या मधे उभी आहे. वधस्तंभावर आणि रिकाम्या कबरेपाशी पूर फिरला. आपल्या गल्लीतून तो अजून जायचा आहे. (दृष्टान्त फार ताणू नये. खाली हरिपूरला वारणा फुगली की सांगलीकरांची सगळी गणितं चुकतात.)

घराघरांत चुका होतात त्या दोनच. कुणी दारातलं पाणी नाकारतो, ‘हालेलुया, सगळं ठीक आहे’ म्हणत राहतो आणि रात्री एकटा जागतो. कुणी कराडची बातमीच विसरतो. या दोन्ही टाळायच्या तर रोज संध्याकाळी वीस मिनिटं, चार आठवडे, घरातल्या घरात बसावं. त्यासाठी पवित्र शास्त्र, एक शंभर पानी वही आणि पेन पुरे. पेटी, टाळ असले तर उत्तम. शेवटची वर्षं साताऱ्यात राहिलेल्या ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती गाण्याला अभंगाचा साज चढवला, तेव्हा टाळ घरात असेल तर तो माळ्यावर ठेवू नये.

पहिला आठवडा: गाऱ्हाणं लिहून काढा

‘प्रभू, आमच्या अडचणी दूर कर’ ही प्रार्थना फार ढोबळ आहे. अडचण आकड्यासकट आणि तारखेसकट लिहा: सोसायटीचं किती थकलंय, कधी भरायचंय, ऑपरेशनची तारीख कोणती, मुलाचा फोन शेवटचा कधी आला. मोघम संकट अंधारात वाढत जातं. लिहिलेलं संकट निदान तेवढंच राहतं.

मग स्तोत्र 13 उघडा. त्यात फक्त सहा वचनं आहेत, दोन-दोनच्या तीन जोड्या. पहिल्या जोडीत प्रश्न आहे, ‘कोठवर?’, आणि तो चारदा विचारलाय. दुसरीत मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे. तिसरीत भरवसा आणि गाणं. याच साच्यात आपल्या सहा ओळी लिहायच्या. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचं पान साधारण असं होईल:

प्रभू, ऑक्टोबर छाटणीपासून वेलींवर तीनदा डाऊनीचा रोग आला. तू बघतोयस ना? कोठवर?
मार्चअखेर दोन लाख भरायचे आहेत आणि घड गळून गेले. कोठवर?
माझ्याकडे बघ. आज रात्री चार तास तरी झोप दे.
नाहीतर भावकीला हसायला कारण मिळेल.
तुझ्या दयेवर मी भरवसा टाकलाय, हे मी सोडत नाही.
पोरीच्या आजारपणात तू सांभाळलंस. ते आठवून एक गाणं म्हणतो.

सहाव्या ओळीत जुनी, घडून गेलेली, नाव घेऊन सांगता येईल अशी गोष्टच हवी. ‘तू चांगला आहेस’ एवढ्यानं ती ओळ भरत नाही.

इथे हमखास काय बिघडतं? माणसं पाचव्या-सहाव्या ओळीवर उडी मारतात. आधीच्या चार ओळी लिहायला संकोच वाटतो, देवाला असं कसं बोलायचं म्हणून. पण तो साचा शास्त्रानंच दिलाय. उलटंही घडतं: चार ओळी भडाभडा येतात आणि शेवटच्या दोन येतच नाहीत. मग त्या जागा कोऱ्या ठेवा, ओढूनताणून भरू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

दुसरा आठवडा: सिंह ऐकायचा, कोकरा बघायचा

शास्त्रातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा पाचवा अध्याय दोघांनी मिळून वाचायचा. एकानं पहिली पाच वचनं वाचावीत. पुस्तक उघडायला कुणीच लायक सापडत नाही म्हणून योहान रडतोय. स्वर्गातल्या वडीलजनांपैकी एकजण त्याला सांगतो, रडू नकोस, यहूदा वंशातल्या सिंहानं विजय मिळवलाय. इथे थांबा. पोरांना विचारा, आता योहानाला काय दिसेल? सिंहच म्हणतील. मग दुसऱ्यानं सहावं वचन वाचावं: दिसतो तो कोकरा, वधल्यासारखा, आणि तरी उभा.

हा थांबा चुकवू नका, कारण देवाचा विजय कसा असतो ते तिथेच कळतं. हा कोकरा म्हणजे ख्रिस्त; घाव पुसून टाकून तो आलेला नाही, घावासकट उभा आहे. म्हणून ‘विश्वास असता तर हे झालंच नसतं’ हे वाक्य आपल्या घरात कुणी उच्चारू नये. याच पुस्तकात स्मुर्णा गावच्या छळ सोसणाऱ्या मंडळीला प्रभू म्हणतो, तुझं दारिद्र्य मला ठाऊक आहे. त्यावरून तिला दोष देत नाही.

प्रकटीकरण वाचताना एक खोड टाळायची: भूकंप, युद्ध, नोटा यांवरून तारखा काढण्याची. तो दिवस आणि घटका पित्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, हे प्रभूनंच सांगितलंय. तारीख चुकली की तारखेबरोबर आशाही जाते.

तिसऱ्या आठवड्यात रोज हबक्कूक 3:17-18 मोठ्यानं वाचा. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी आनंद करीन. जत-आटपाडीकडच्या माणसाला यावर प्रवचन लागत नाही. वाचताना ती यादी बदलून घ्या: द्राक्षाच्या जागी डाळिंब, अंजिराच्या जागी नोकरी. पण ‘तरी’ हा शब्द बदलू नका, सगळा भार त्याच्यावर आहे.

चौथा आठवडा: एक काम

1 करिंथकर 15 हा पुनरुत्थानाचा अध्याय. मरण विजयात गिळलं गेलं, इथवर तो चढत जातो आणि 58 व्या वचनात एकदम कामावर येतो: स्थिर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. म्हणून या आठवड्यात वहीत रोज एकच काम लिहायचं, उद्या संध्याकाळपर्यंत होईल असं. तलाठ्याकडे पंचनाम्याची चौकशी. बँकेत हप्ते वाढवून मागण्याचा अर्ज. रुसलेल्या भावाला फोन. तीन कामं लिहू नका. दोन राहतात आणि रात्री तीच बोचतात.

यिर्मया 29:11 व्हॉट्सअॅपवर फार फिरतं, कल्याणाच्या योजनांचं. फिरवायला हरकत नाही, पण दहावं वचनही वाचावं: तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत. आणि पाचवं: घरं बांधा, बागा लावा. बाबेलच्या बंदिवासात अडकलेल्यांना आशा म्हणून हाती कुदळ दिली होती.

आजाऱ्याच्या उशाशी आणि शोकाच्या घरी

मिरजेच्या दवाखान्यांत दोन जिल्ह्यांचेच नव्हे, पार कर्नाटकातले पेशंट असतात. भेटायला जाणाऱ्यानं पाच मिनिटांत आटपावं. उभं राहू नका, बसा. उभा माणूस निघायच्या घाईत दिसतो. हात धरायचा तर आधी विचारा. स्तोत्र 23 सावकाश वाचून होतं, प्रार्थना चार वाक्यांची, गाणं हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्यालाही विचारून. ‘कुठलं पाप झालं का’ हा प्रश्न मनातसुद्धा नको. ‘औषध बंद कर, विश्वास ठेव’ असं कुणी म्हणालं तर त्याला नम्रपणे बाहेर न्या. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली याच मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. प्रार्थना आणि औषध यांचं इथे कधी भांडण नव्हतं. मन फार खचलं असेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर प्रार्थनेसोबत त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

मयताच्या घरी पहिल्याच दिवशी रोमकरांस 8:28 सांगू नका, ‘सर्व मिळून कल्याण’ वगैरे. वचन खरं आहे, वेळ चुकीची आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. पहिले दिवस भाकरी-पिठलं पोचवा, पाण्याच्या घागरी भरा, रात्री सोबतीला कुणी तरी झोपा. पुढे घरच्यांनीच ‘आता तो कुठे असेल?’ असं विचारलं की त्याच आठव्या अध्यायाची 38-39 ही वचनं काढा. मरणही देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही, हे विचारणाऱ्याच्या कानाला ऐकू येतं.

चार आठवडे झाले की वही मिटू नका. पहिल्या आठवड्याची पानं उलटा आणि ज्या ओळीचं उत्तर आलं तिच्यापुढे तारीख घाला. न आलेल्या ओळीवर काट मारायची नाही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात प्रभूसाठी वधलेले लोक वेदीखालून अजून ‘कोठवर?’ विचारतातच, त्यांना शुभ्र झगे मिळतात आणि आणखी थोडा वेळ थांबायला सांगितलं जातं. त्या ओळीसमोर बोटभर कोरी जागा सोडा आणि दर रविवारी मंडळीतून आल्यावर ती एकदा वाचा.